जिना उतरवायला एक माणूस

ऊन आमच्या खोलीत थेट कधी येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीवर टेके. टाकी काळी, धुळकट. पण त्या वेळी तिच्या खांद्यावर एक पांढरी रेघ उमटे आणि हळूहळू रुंद होत जाई. मग ऊन दोरीवरच्या कपड्यांत उतरे. एखाद्या सदऱ्याच्या बाहीत ते शिरले की रिकामी बाही भरल्यासारखी दिसे. तिथून रस्ता ओलांडून आमच्या खिडकीपर्यंत यायला त्याला अर्धा तास तरी लागे, आणि तो अर्धा तास मी नुसता बसून राही. एरवी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तिथे उजेड म्हणजे मोजायची, वाकवायची, नेमक्या बिंदूवर आणून उभी करायची गोष्ट. इथे त्याला माझी गरज नसे. तो गजांमधून आत येई, फरशीवर चार लांबट पट्टे अंथरी, पट्ट्यांत धूळ तरंगू लागे, आणि सरकत सरकत पहिला पट्टा टेबलाच्या पायाला लागला की मला कळे, सात वाजले.

आठवड्यातली ही एक सकाळ, दुकानाच्या सुट्टीची, मी देवासाठी राखून ठेवली होती. बाकीच्या सकाळी घाईत जात. या सकाळी मी टेबलाशी बसे, पवित्र शास्त्र उघडे ठेवी, आणि एकच प्रश्न विचारी : मी कुठे जाऊ?

"आली का तार?" ताईने दारातून विचारले.

"कसली तार?"

"वरून. दोन वर्षं झाली तू बसतोयस. एवढ्या वेळात साधं पोस्टकार्डसुद्धा पोचलं असतं."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. ताई एका शाळेच्या कार्यालयात काम करते. सकाळी तिचे केस ओले असतात आणि जीभ कोरडी. तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या खांद्यावरून यादीत डोकावली.

"बुधवारची का? सातवा विषय वाचून दाखव बरं. नको, मला पाठ आहे. 'एका तरुण बंधूला प्रभूने सेवेचे क्षेत्र दाखवावे.' बंधू तरुण राहील तोवर दाखवलं म्हणजे मिळवली."

ती गेल्यावर मी यादीची सुवाच्य प्रत काढू लागलो.

आमच्या मंडळीत एक जुनी पद्धत आहे. प्रार्थनामंदिराच्या मागच्या दाराशी एक लाकडी पेटी असते. ज्याला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी, त्याने ती कागदावर लिहून पेटीत टाकायची. रविवारी उपासनेनंतर मी पेटी उघडतो, चिठ्ठ्या घरी आणतो, त्यांची यादी करतो आणि बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनासभेत ती वाचतो. मग एकेक विषय एकेकाला वाटून दिला जातो. हे काम माझ्याकडे आले ते माझे अक्षर चांगले आहे म्हणून, आणि राहिले ते माझी भाषा चांगली आहे म्हणून. लोक चिठ्ठीत काहीही लिहीत. "मुलगा ऐकत नाही." "गुडघा." एकदा नुसते "तेच" असे लिहिलेली चिठ्ठी आली होती. मी त्यांना वाक्ये देई. देवासमोर ठेवायची गोष्ट घासूनपुसून ठेवावी, असे मला वाटे. काचेला धार असते, ती बोटाला लागू नये म्हणून आपण कडा घासतोच ना, तसे. आमचे पूर्वीचे पाळकसाहेब म्हणत, की या मुलाची यादी म्हणजेच अर्धी प्रार्थना. त्या वाक्यावर मी बरीच वर्षे जगलो.

माझ्या टेबलावरच्या भिंतीवर तीन पत्रे लावलेली होती. एक कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडून आलेले, एक अंध मुलांच्या शाळेकडून, एक दूरच्या डोंगरातल्या दवाखान्याकडून. तिन्ही ठिकाणांनी लिहिले होते : या, काम आहे. मला मात्र देवाचे पाचारण हवे होते. तिघांपैकी एका पत्राकडे बघून मन शांत व्हावे, काहीतरी हलावे, एखादे वचन अचानक समोर यावे. मी शुक्रवारचे उपास केले. पानांत बोट घालून डोळे मिटून शास्त्र उघडले. प्रत्येक वेळी वंशावळीच निघाली.

आता त्या चिठ्ठीविषयी.

ती एका रविवारी इतर चिठ्ठ्यांबरोबर निघाली. रेघांच्या वहीचा अर्धा कागद, नीट दुमडलेला. लिफ्टवाल्या काकांच्या बायकोने लिहिलेली. काकांना सगळी मंडळी याच नावाने ओळखत असे. चौतीस वर्षे एका मोठ्या कचेरीत त्यांनी लिफ्ट चालवली होती. आता मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि ते राहत होते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चिठ्ठीत काकूंनी लिहिले होते :

"ह्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावं लागतं. शुक्रवारी भाचा येतो. मंगळवारी नेणारा वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर घर सोडून गेला. मंगळवारी सकाळी सात वाजता जिना उतरवायला एक माणूस पाहिजे. खाली गाडीपर्यंत. पुढचं मी बघते."

मी ती वाचली. परत दुमडली. मग यादीत चौथ्या क्रमांकावर लिहिले :

"आपल्या वयोवृद्ध बंधूंच्या दीर्घ आजारपणाच्या वाटेवर प्रभूने पावलोपावली त्यांच्यासोबत असावे."

'पावलोपावली' हा शब्द सुचला तेव्हा मला बरे वाटले होते. त्यात जिना आला, असे मला वाटले.

बुधवारी आम्ही अकरा जण होतो. खुर्च्या गोलात मांडलेल्या. मी यादी वाचली. चौथा विषय वायरमनच्या वाट्याला आला. वायरमन म्हणजे विजेची कामे करणारा, पन्नाशीचा, रुंद छातीचा माणूस; तो प्रार्थना मोठ्याने करतो, पलीकडून नीट ऐकू जात नसल्यासारखी. तो गुडघ्यांवर बसला आणि काकांसाठी त्याने इतक्या कळकळीने प्रार्थना केली की शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मग सातवा विषय आला. तो नव्या पाळकसाहेबांनी घेतला. त्यांना आमच्या मंडळीत येऊन वर्षही झाले नव्हते, आणि त्या तरुण बंधूवर त्यांचा फार जीव होता.

बाहेर पडताना वायरमनने माझ्या पाठीवर थाप मारली.

"काय बंधू, लागली का लाइन?"

"नाही अजून."

"फ्यूज तपास. कधीकधी वरून करंट असतो, फ्यूज आपल्याकडचाच गेलेला असतो." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "अरे, गंमत केली. जाशील तू. तुझ्यासारखा पोरगा आम्हाला सोडून जाणार म्हणून देवच लांबवत असेल."

काकू बुधवारी कधी येत नसत. काकांना एकटे सोडता येत नसे. त्यामुळे त्यांची चिठ्ठी कशी वाचली गेली, ते त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. आणि सभेला येणाऱ्यांना चिठ्ठीत काय होते ते कळण्याचा मार्ग मी होतो.

तीन आठवड्यांनी दुसरी चिठ्ठी आली. तसाच अर्धा कागद.

"मागची चिठ्ठी मिळाली असेल. अजून कोणी आलं नाही. जमलं तर बघावे. घाई नाही."

मी यादीत चौथ्या विषयापुढे कंसात लिहिले : चालू.

पहिल्या चिठ्ठीनंतरच्या सहाव्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात प्रभुभोजनाच्या भाकरीची आणि द्राक्षरसाची छोटी पेटी होती.

"लिफ्टवाले काका किती रविवार दिसले नाहीत. घरी जाऊन प्रभुभोजन देऊन येऊ. येतोस? दुकानात जायच्या आधी तासभर आहे ना तुझ्याकडे?"

मी गेलो. जिना अरुंद होता, कठड्याचा लाकडी दांडा मधेच तुटलेला. प्रत्येक वळणावर कोणीतरी बादल्या, जुन्या चपला, सायकलचे चाक ठेवलेले. पाळकसाहेब दुसऱ्या मजल्यावर श्वास घ्यायला थांबले. मी त्यांच्या मागे पायऱ्या बघत उभा राहिलो. मधोमध झिजलेल्या, आतल्या बाजूला निसरड्या.

काका खिडकीजवळ खुर्चीत होते. पाय सुजलेले, चप्पल जाईना म्हणून पायांना फडके गुंडाळलेले. चेहरा पिवळट आणि फुगीर, पण दाढी केलेली आणि सदऱ्याचे वरचे बटणही लावलेले. आम्ही आत शिरताच त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

"बसा, बसा काका," पाळकसाहेब म्हणाले.

"सवय हो. साहेब आत आले की उभं राहायचं. स्टूल होतं, पण चौतीस वर्षं बसलो नाही त्याच्यावर." मग माझ्याकडे बघून, "हा कुठे चाललाय म्हणे? लांब?"

"अजून ठरलं नाही, काका," मी म्हणालो.

"असे पुष्कळ यायचे. आत उभे राहायचे आणि मजला सांगायचेच नाहीत. त्यांना वाटायचं, मला आपोआप कळावं." त्यांना हसू आले, मग खोकला आला, आणि काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "एकदा एक साहेब चार वेळा वर-खाली झाले माझ्याबरोबर. शेवटी म्हणाले, मला या इमारतीत यायचंच नव्हतं."

प्रभुभोजन झाले. काकांनी भाकरीचा तुकडा बराच वेळ तोंडात धरून ठेवला. पेल्याला मात्र नुसते ओठ लावले. पाणीसुद्धा मोजून प्यायचे होते त्यांना. काकूंनी डोळे मिटले होते. मी उघड्या डोळ्यांनी खोली बघत होतो : औषधांची खोकी, भिंतीवर गणवेशातला एक फोटो, आणि दाराच्या मागे एक लाकडी खुर्ची, तिच्या पायांना दोरखंड बांधलेला.

"ही खुर्ची?" पाळकसाहेबांनी विचारले.

"वर आणायची," काकू म्हणाल्या. "दवाखान्यातून दुपारी येतो तेव्हा खालचा इस्त्रीवाला आणि वॉचमन खुर्चीत बसवून वर आणतात. चांगली आहेत पोरं. पण सकाळी सातला दोघंही नसतात. वॉचमन सहाला घरी जातो तो दुपारीच येतो, इस्त्रीवाला नऊला उघडतो."

"मग उतरता कसे?"

"शुक्रवारी भाचा आहे. मंगळवारी नाही जात आता."

"जात नाही म्हणजे? डॉक्टर काय म्हणतात?"

"ते म्हणतात दोनदा पाहिजेच. पण उतरवणार कोण. एका मंगळवारी हे बसत बसत उतरले, बूड टेकत, एकेक पायरी. पाऊण तास लागला. पोचलो तोवर मशीन दुसऱ्याला दिलं होतं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. काहीतरी चुकले असेल आणि ते आपलेच असेल, असा संकोच होता. "चिठ्ठी टाकली होती मी. दोनदा. म्हटलं मंडळीत कोणीतरी असेल."

"हो, हो," पाळकसाहेब म्हणाले, "दर बुधवारी प्रार्थना करतो आम्ही काकांसाठी. एक बुधवार चुकला नाही."

काकूंनी त्यांच्याकडे बघितले, मग माझ्याकडे.

"प्रार्थना तर मीही करते," त्या हळू म्हणाल्या. "मी माणूस मागितला होता."

खाली कोणीतरी बादली सरकवली. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"चिठ्ठीत तसं होतं का रे?"

मी म्हणालो, "अक्षर नीट लागत नव्हतं."

हे वाक्य मी बोललो. ते बोलताना माझा आवाज कापला नाही. मला आठवते, मी ते अगदी नम्रपणे बोललो, काकूंचा अपमान होऊ नये अशा बेताने.

"असेल," काकू लगेच म्हणाल्या. "असेल बाबा. चौथीपर्यंतच शिकलेय मी. आणि चष्माही धड नाही. घाईत लिहिलं असेल." त्यांनी पदराने खुर्चीची पाठ उगाच पुसली. "माझीच चूक. येऊन तोंडाने सांगायला हवं होतं."

काका खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "हिचं अक्षर मला लागतं. पण मला सवय आहे." आणि मग, जणू कोणाला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, पाळकसाहेबांना विचारले, "खाली ऊन फार आहे का हो?"

पाळकसाहेबांनी तिथेच व्यवस्था लावली. वायरमन मागच्याच गल्लीत राहतो. तो आणि दुधाच्या गाडीवरचा ड्रायव्हर, दोघे परवा येतील. पुढच्या आठवड्यांची पाळी ते स्वतः लावतील. बोटांवर नावे मोजताना ते माझ्यापाशी आले.

"तुला नको सांगायला. तुझं दुकान असेल."

मी खाली बघितले. काकूंनी आम्हाला पाण्याचे पेले दिले.

संध्याकाळी दुकान बंद करून मी निघालो, तर वायरमन फुटपाथवर उभा होता. त्याला पाळकसाहेबांचा फोन गेला होता. त्याने थाप मारली नाही.

"मला एक सांग," तो म्हणाला. "सहा बुधवार मी त्या माणसासाठी गुडघे टेकलेत. माझ्या घरातून त्यांची गॅलरी दिसते. माझ्या बायकोचे कपडे वाळत असतात ना, त्याच्या वर. मी आठला कामावर जातो. सातला जाऊन त्यांना खाली सोडून घरी येऊन चहा प्यायला असता मी. तू मला सांगितलं का नाहीस?"

"अक्षर..." मी म्हणालो.

"हां, कळलं ते." तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. काहीतरी विचारायचे त्याच्या ओठांवर आले होते. मग त्याने ते गिळले. "मला काय वाटत होतं माहितेय? मला वाटत होतं, माझीच प्रार्थना कुठेतरी कमी पडतेय."

सोमवारी दुपारी काकांना श्वास घेता येईना. रुग्णवाहिकेतली माणसे वर आली आणि त्यांना स्ट्रेचरवर बांधून खाली घेऊन गेली. मंगळवारी सकाळी वायरमन आणि दूधवाला जिन्याऐवजी दवाखान्यात गेले, आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. बुधवारी पहाटे काका गेले. त्या संध्याकाळी यादी वाचली गेली नाही.

काकूंची एकच इच्छा होती, की त्यांना एकदा घरी आणावे. कोणीतरी म्हटले, तीन मजले वर न्यायचे आणि पुन्हा खाली, थेट प्रार्थनामंदिरातच नेऊ. पण नको म्हणणारा तो एकटाच निघाला. आमच्या मंडळीतले इतके पुरुष त्या जिन्यावर मी कधी पाहिले नव्हते. वळणावळणावर माणसे उभी होती; बादल्या आणि सायकलचे चाक कोणीतरी आधीच उचलून ठेवले होते. शवपेटी उतरवताना वायरमन पुढे होता आणि हळू आवाजात सांगत होता : "उजवीकडून झुकवा. थांबा. आता पायरी आहे. सावकाश." मी मागच्या टोकाला होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पेटीचा सगळा भार क्षणभर माझ्या खांद्यावर आला, आणि मला वाटले, जिवंतपणी ते याहून हलके असणार. त्यांनी स्वतः कठडा धरला असता. काहीतरी विनोद केला असता.

खाली पोचल्यावर मी सहज घड्याळात बघितले. तिसऱ्या मजल्यापासून गाडीपर्यंत आम्हाला चार मिनिटे लागली होती. पेटी घेऊन, सहा माणसांनी, न घसरता.

घरी आल्यावर ताईने चहा केला. तो निवला, तेव्हा तिने न बोलता दुसरा केला. त्या आठवड्यात तिने मला एकही टोमणा मारला नाही, आणि तेच मला सहन होईना.

"बोल ना काहीतरी," मी एकदा म्हणालो.

"काय बोलू? मीही घरातच होते," ती म्हणाली. "चहा देत होते तुला." आणि भांडी घासायला उठून गेली.

पुढच्या बुधवारी मी यादीतून सातवा विषय काढून टाकला. वाचून झाल्यावर पाळकसाहेबांनी विचारले, "आणि आपला तरुण बंधू? उत्तर मिळालं का?" दहा चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, विषय मागे घेतला आहे. त्यांना वाटले, मी काकांच्या जाण्याने खचलो आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. त्या हाताखाली मी मान खाली घालून बसलो होतो आणि मनात वाक्ये जुळवत होतो. मी नेहमी तेच करतो. कधीतरी उभे राहून सांगेन, अशी वाक्ये. पण ती सगळीच फार चांगली होत होती.

महिन्याभराने काकूंनी मला घरी बोलावले. मंडळीला आभाराचे चार शब्द द्यायचे होते, रविवारी वाचायला.

"तुझी भाषा चांगली आहे म्हणून बोलावलं," त्या म्हणाल्या. "पण साधं लिही हं. मी सांगते तसं."

खुर्ची दाराच्या मागे नव्हती. ती त्यांनी खिडकीशी ठेवली होती आणि तिच्यावर धुतलेले कपडे घड्या करून ठेवले होते. मी कागद मांडीवर घेतला.

"लिही. ह्यांच्या आजारपणात ज्यांनी प्रार्थना केली, त्यांचे आभार." मी लिहिले. "शुक्रवारी भाचा यायचा, त्याचे आभार. खुर्ची वर आणायला इस्त्रीवाला आणि वॉचमन होते. ते आपल्यातले नाहीत, तरी त्यांचं लिही. दवाखान्यातल्या सिस्टरचं लिही. शेवटच्या दिवशी सगळे आले, जिन्यावर जागा उरली नाही, ते लिही."

"लिहिलं."

"आणि मंगळवारी..." दोरीवरून एक रुमाल काढून त्यांनी त्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "नको. मंगळवारचं राहू दे. वाच बरं."

मी वाचले. जसे सांगितले होते तसेच, एकही शब्द न बदलता. त्यांनी मान डोलावली, कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि डोळ्यांजवळ धरून सावकाश, ओठ हलवत पुन्हा वाचला. चष्मा दोनदा नाकावरून घसरला.

"छान लागतं तुझं अक्षर," त्या म्हणाल्या.

मी उठलो. दारापाशी चपला घालताना त्यांनी मागून विचारले,

"हा चष्मा तुमच्याच दुकानातला आहे. काडी सैल झालीये. दुरुस्त होईल ना?"

"होईल, काकू. पाच मिनिटांचं काम. मी घेऊन जातो आत्ताच."

"आत्ता नको, मग मला दिसायचं नाही. मी येईन या आठवड्यात. तेवढंच बाहेर पडणं होईल." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. चष्म्याविना त्यांचे डोळे लहान आणि फार स्वच्छ दिसत होते. "मागे एकदा आले होते तर कुलूप होतं, पायपीट फुकट गेली. कुठल्या दिवशी बंद असतं रे तुमचं दुकान?"

जिन्यात कोणी नव्हते. मी कठड्यावर हात ठेवला.

"मंगळवारी," मी म्हणालो. "मंगळवारी दिवसभर बंद असतं, काकू."